हळद लागलेला हात

सगळ्यात आधी आक्का. तिचं नाव इथं लिहायचं नाही, असं तिनंच बजावलंय. "माझं नाव छापून काय वडगावच्या बाजारात इकायचं हाय?" म्हणाली. म्हणून नुसतं आक्का लिहिते. आज मी मऊ भाताचा घास गिळते, फोनवर मायशी बोलते, रिक्षावाल्याला पत्ता सांगते आणि तो त्याला दुसऱ्यांदा तरी समजतो, हे आक्कामुळं. डॉक्टरांमुळं तर आहेच. त्यांनी माझ्या हाताची कातडी काढून गालाच्या आत बसवली. पण त्यांच्या दारापर्यंत मला मानगूट धरून नेलं ते आक्कानं. डॉक्टरांचे आभार मी समोर उभी राहून मानले. आक्काचे मानायला गेलं की ती भांडी आपटायला लागते.

आक्काची शिवाजी पेठेत खानावळ आहे. ती मूळची गडहिंग्लजकडची, तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेली असते. मला ती तंगी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. तशी मी तिची कुणी नाही. मी बीडकडची. आईबापाबरोबर ऊसतोडीच्या टोळीत दर हंगामाला या भागात यायची. दिवाळी झाली की शाळा सुटायची, ती उन्हाळ्यात गावी गेल्यावर परत दिसायची. पाचवीत अशीच एकदा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, गावी परत जाऊन राहायची सोय नव्हती, म्हणून मी इकडंच थांबले. आक्काला भाकरीला बाई पाहिजे होती. तिचे गुडघे गेलेले, शेगडीपुढं उभं राहवत नव्हतं. "भाकरी येती?" एवढंच तिनं विचारलं. मी एक करून दाखवली. ती तिनं उभ्या उभ्या कोरडीच खाल्ली आणि म्हणाली, "ऱ्हा मग."

मिश्री मी फडात असल्यापासून लावायची. तिथं सगळ्याच बायका लावायच्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीला चोळली की भूक मागं पडते आणि उन्हातही हात चालतो. उरलेली मी डाव्या गालात धरून ठेवायची. त्याच गालात आतून काहीतरी खरखरीत लागायला लागलं. जीभ सारखी तिथंच जायची. तव्यावर भाकरी असली तरी जीभ तिथं, झोपताना तिथं. मग रश्शाचा थेंब लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी मला वाटायचं. रोज सकाळी तोंड धुताना बोटानं चाचपायचं, कालच्यापेक्षा बारकं झालंय असं स्वतःला सांगायचं आणि पीठ मळायला बसायचं.

आक्काला कळलं ते मटणाच्या दिवशी. सगळे जेवून गेल्यावर आम्ही दोघी बसलो होतो आणि मी दुधात भाकरी कुस्करून उजव्या गालानं खात होते.

"आज मटण हाय, आन तू दूध-भाकरी खायलीस? उपास हाय व्हय?"

"दात दुखतोय."

"आ कर."

"आक्का, जेवू दे की."

"आ कर म्हंतोय न्हवं."

आक्का चिडली की बाप्यासारखी बोलते. मी आ केला. तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं, ते तिलाही दिसलं. तिनं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. बघितलं, बॅटरी बंद केली आणि काहीच बोलली नाही. मला खरी भीती तेव्हा वाटली. ही बाई मिरचीच्या भावावरून अर्धा तास बोलते, ती गप्प झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं खानावळ बंद ठेवली. गॅरेजमधला एक रोजचा गिऱ्हाईक दारात येऊन म्हणाला, "आक्का, आज कुलूप? कोण गेलं का काय?"

"अजून कोण न्हाई. पावणं, तुम्ही गप जावा, न्हाईतर तुमच्यापासनंच सुरवात करीन."

तो हसत गेला. मी रिक्षात बसले आणि आक्कानं हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

गालातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. कॅन्सर. लवकर आलात, म्हणाले, अजून गालातच आहे, हाडाला लागलेला नाही. सरकारी योजनेत बसतंय. मला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. बाकीचं आक्कानं मला नंतर सांगितलं, आणि दर वेळी थोडं चांगलं करून सांगितलं.

मग दुसरे डॉक्टर आले. हे जोडणारे. काढणारे वेगळे असतात आणि जोडणारे वेगळे, हे मला तिथं कळलं. ते म्हणाले, "गाल आतून काढला की तिथं नुसती जखम ठेवून चालत नाही. ती आखडते, तोंड उघडत नाही. म्हणून दुसरीकडची कातडी आणून लावायची."

"कुठली?"

त्यांनी माझं डावं मनगट धरलं आणि त्याच्या वरच्या आतल्या बाजूवर बोटानं चौकोन काढला. "ही. इथली कातडी पातळ असते, मऊ असते, पाहिजे तशी दुमडते. तिच्याबरोबर तिची रक्ताची नळीही काढायची आणि मानेतल्या नळीला जोडायची. मग ती गालात जाऊन जगते. मांडीची पातळ साल काढून हातावर लावायची, म्हणजे हातही झाकला जातो."

मी हाताकडं बघत राहिले. तव्याच्या कडेचे डाग होते त्यावर, लहानपणी कोयता लागला होता त्याची रेघ होती. हे तोंडात?

"भाकरी?" मी विचारलं.

"काय?"

"भाकऱ्या करती ती, डाक्टर," आक्का मधे पडली. "पोट हाय तिचं त्या हातावर."

"थापता कुठल्या हातानं?"

"उजव्या. डाव्यानं फिरवते. आणि उचलून तव्यावर टाकते."

"म्हणून डावाच घेतोय. सुरुवातीला मनगट आखडेल, अंगठ्याच्या मुळाशी बधिर वाटेल. व्यायाम करायचा. हात चालेल." मग त्यांनी मला मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबून धरली. "उघडा." तळहात ज्वारीच्या पिठासारखा पांढरा पडला होता. आक्कानं "अगं बया" केलं. डॉक्टरांनी करंगळीच्या बाजूनं दाबलेलं आपलं बोट उचललं आणि तळहातात बघता बघता लाली भरली. "हाताला रक्त आणणारे दोन नळ आहेत. एक आम्ही नेतो. दुसरा एकटा सगळा हात सांभाळू शकतो का, तेवढं बघितलं. सांभाळतोय."

"आणि गालात लागलं नाही तर?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा लागतं," म्हणाले. "पहिले काही दिवस नळीत गुठळी व्हायची भीती असते. तशी झाली तर पुन्हा आत घेऊन दुरुस्त करायची. नाहीच जमलं तर ती कातडी काढून दुसरीकडची लावावी लागते."

ते 'नाहीच' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. हातही उघडा व्हायचा आणि गालही रिकामा राहायचा, असं होऊ शकतं. तेव्हापासून ऑपरेशनपर्यंत मी झोपेतसुद्धा मूठ आवळायची आणि उघडायची. लाली येते का बघायची. येत होती. तरी पुन्हा बघायची.

सिस्टरनं माझ्या डाव्या हाताला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं होतं, या हाताला सुई नको. रक्त काढायचं ते उजव्या हातातून, सलाईनही तिकडंच. डाव्या हाताला खरचटूही द्यायचं नाही. हे आक्कानं ऐकलं आणि तिनं तो हात ताब्यातच घेतला. मला पीठ मळू देईना. ओढणीनं हात गळ्यात बांधून ठेवला. गिऱ्हाइकांच्या भाकऱ्या ती स्वतः करायला लागली, गुडघ्यांवर हात ठेवून, शिव्या घालत. ती इतक्या वर्षांत भाकरी विसरली होती. तालमीतली पोरं जेवायला यायची, त्यातला एक भाकरी वर धरून म्हणाला, "आक्का, ह्यो जिल्ह्याचा नकाशा हाय व्हय? राधानगरी कुठल्या बाजूला?"

"खा गप. राधानगरी पोटात गेल्यावर कळंल."

मी कोपऱ्यात बसून हसले आणि हसताना गाल दुखला.

भरती झाले त्या संध्याकाळी भेटायच्या वेळात आक्का आली. पिशवीतून डबी काढली, पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, त्यात हळद टाकली, तेल टाकलं आणि बोटानं कालवायला लागली.

"हे कशाला?"

"हात फुडं कर."

"आक्का, इथं चालायचं नाही."

"का चालायचं न्हाई? नवरीला हळद लागल्याबिगर कोण हात लावतंय का? उद्या ह्या अंगाला लोखंड लागणार हाय. त्याच्या आदी हळद लागू दे." तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत चोपडायला सुरुवात केली. दाबून, जिरवून, लग्नात चोळतात तशी. मी ओढून घेणार होते, पण तिनं एकदाही मान वर केली नाही, म्हणून राहू दिलं.

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं मान वर केली. "हळद लागली. नवरा कुठं हाय?"

"येतोय की सकाळी," आक्का म्हणाली, "हिरवा झगा घालून."

सकाळी तयारी करायला आलेल्या सिस्टरनं पांघरूण काढलं आणि ती थांबली. "हे काय? हात पिवळा धमक कशानं झाला?"

"सैपाकात हुतोयच की पिवळा," आक्का म्हणाली.

"एकच हात?"

आक्का खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर नुसती भिंत होती. सिस्टरनं साबणानं घासलं, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा घासलं. कापूस पिवळे झाले, हात होता तसाच पिवळसर राहिला. जोडणारे डॉक्टर येऊन बघून गेले, "जाईल हळूहळू" एवढंच म्हणाले. मला ढकलत नेलं तेव्हा आक्का ट्रॉलीबरोबर लंगडत येत होती. दारापाशी तिला थांबवलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, चाकांचा आवाज होत होता.

जाग आली तेव्हा बोलता येत नव्हतं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, खायला नाकातून नळी. डावा हात पट्ट्यांत जाड झालेला, उशीवर उंच ठेवलेला. मान वळवायची नाही, गळ्यात दोरासुद्धा बांधायचा नाही, कारण जोडलेली नळी तिथंच कातडीखाली होती आणि ती दबली की सगळं गेलं. आक्कानं जोतिबाचा दोरा आणला होता, तो सिस्टरनं कॉटच्या दांडीला बांधायला लावला. मी छताकडं बघत पडले होते. आयुष्यात मी एवढी स्थिर कधी राहिले नव्हते. आतून मात्र सगळं पळत होतं. खोकला आला तर? झोपेत मान वळली तर? शिंक?

ठरावीक वेळानं कुणीतरी येऊन तोंडात बॅटरी मारून बघायचं. काडीनं दाबायचं, रंग परत येतो का बघायचं. मला वाटायचं, परीक्षा माझी नाही, त्या हाताच्या तुकड्याची चाललीय, आणि मी नुसती त्याला सांभाळायला ठेवलेली बाई आहे. बघणाऱ्याचा चेहरा मी वाचायचा प्रयत्न करायची. तोंडाला मास्क असतो, डोळे तेवढे दिसतात. तेवढ्यावरून काय कळणार? तरी वाचायची.

बोलायला म्हणून आक्कानं एक पाटी आणली होती. खरी, दगडी, लाकडी चौकटीची. खडूची पेटीही. मी किती तरी वर्षांनी पाटी हातात धरली. पहिल्यांदा लिहिलं ते 'पाणी', आणि ते मला मिळालं नाही, कारण तोंडानं द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक नवीन डॉक्टर ड्युटीवर आले. तरुण होते, ऑपरेशनला नव्हते. त्यांनी बॅटरी मारली. मग अजून जवळ येऊन मारली. काडीनं दाबलं. पुन्हा दाबलं. सिस्टरला म्हणाले, "रंग फिका वाटतोय. पिवळट दिसतोय." त्यांनी मानेवर एक यंत्र टेकवलं, त्यातून आवाज येतो, सूं सूं असा. तो आला की नाही मला कळेना, वॉर्डात दुसरीकडं कुणाचं तरी मशीन वाजत होतं. त्यांनाही खात्री वाटली नसावी. ते दाराशी जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन करायला लागले. "सर, फ्लॅपचा रंग बरोबर नाही वाटत. हो. आत घ्यावं लागलं तर थिएटर तयार ठेवायला सांगू का?"

फ्लॅप म्हणजे तो हाताचा तुकडा. एवढं मला माहीत झालं होतं.

आक्का दारातच उभी होती. तिनं 'पिवळट' ऐकलं. मी तिचा चेहरा बघितला. तो असा काही झाला की मला तिला हाक मारावीशी वाटली, आणि हाक मारायला गळा नव्हता. ती मागं सरली आणि दारातून दिसेनाशी झाली.

मला सगळं एकदम कळलं आणि काहीच कळलं नाही. हळद. पण हळदीचा नुसता रंग राहिलाय, की हळदीनंच काही बिघडलंय? तेल-हळद आत मुरली असेल, कातडीबरोबर गालात गेली असेल, रक्ताच्या नळीपर्यंत गेली असेल तर? मी पाचवी शिकलेली, मला काय माहीत. लिहिलं तर आक्काचं नाव येणार. ऑपरेशनच्या सकाळी ती सैपाकाचं खोटं बोललेली. हे लोक तिला दारातही उभं करणार नाहीत. आणि इथं तिच्याशिवाय माझं कोण येणार होतं? नाही लिहिलं तर मला पुन्हा आत घेतील, पुन्हा उघडतील, कदाचित उगाचच. छातीत इतकं धडधडत होतं की मला भीती वाटली, ह्यानंच ती बारीक शिवण उसवेल.

मी उजव्या हातानं पाटी ओढली. खडू दोनदा तुटला. लिहिलं: हाताला हळद लावली होती.

सिस्टरनं वाचून पाटी डॉक्टरांकडं नेली. ते आले. "कधी?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मी लिहिलं.

"कुणी लावली?"

मी छातीला खडू टेकवला. मी.

"ती न्हाई." दारातून आवाज आला. आक्का आत आली होती, चप्पल बाहेर काढून, देवळात यावं तशी. डोळे लाल होते. "ती न्हाई, मी लावली. तिनं नगं म्हणून सांगिटलं हुतं. सिस्टर, त्या सकाळी मी खोटं बोललो. आता काय करायचं ते मला करा, पर तिला परत कापू नगासा."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, हेच जोडणारे. त्यांना सांगितलं तसं ते म्हणाले, "हो, पिवळा होता हात, मी बघितलाय. पण हळद आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. बघायचंच." त्यांनी एक बारीक सुई घेतली, माझ्या तोंडात बॅटरी धरायला लावली आणि त्या तुकड्याला टोचली.

मला काहीच लागलं नाही. तो माझाच हात होता आणि मला लागलं नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. काय दिसतंय त्यांना? किती वेळ?

"लाल," ते म्हणाले. "ताजं लाल रक्त. काळपट आलं असतं किंवा आलंच नसतं तर आत घ्यावं लागलं असतं. जिवंत आहे." त्यांनी तरुण डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "फोन केलास ते बरोबरच केलंस. असंच करायचं." मग आक्काकडं वळले. "हळदीनं काही बिघडलेलं नाही. पण पुढच्या वेळी काही लावायचं तर आधी आम्हाला विचारा."

"फुडची येळ कशाला ती?" आक्का म्हणाली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. गुडघ्यांमुळं ती कधी खाली बसत नाही. उठवायला दोन सिस्टरना यावं लागलं.

ते गेल्यावर ती माझ्या उशाशी आली. मी पाटीवर लिहिलं: खोटं का बोललीस? तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, पदरानं पुसून टाकलं आणि म्हणाली, "आदी तू सांग की, तू का बोललीस." पुसायचा पदर पांढरा झाला होता. दिवसभर तो तसाच घेऊन फिरली.

त्यानंतरही मी निवांत झाले असं नाही. दर वेळी बॅटरी पेटली की मी बघणाऱ्याचे डोळे वाचायला लागायची. गळ्याची नळी निघाली, भोक बुजलं, नाकातली नळी निघाली. ऑपरेशनात मानेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्या तपासून आल्या, त्यांत कॅन्सर निघाला नाही. गालाला शेक, म्हणजे मशीनच्या किरणांचा, द्यायची गरज लागली नाही. घरी, म्हणजे आक्काच्या घरी, आले. आक्का भाताची पेज गाळून द्यायची, मग मऊ भात, मग एक दिवस पांढरा रस्सा, तिखट न घातलेला. मी वाटी ओठाला लावली आणि तो डावीकडून थोडा बाहेर ओघळला. दोघींनी तिकडं बघितलं नाही.

तोंडात आता एक कोरडी जागा आहे. बाकीचा गाल ओला असतो, ही तेवढी कातडीच राहिलीय. सकाळी जिभेला ती हातासारखी लागते. जिभेला कळतं की इथं हात आहे. त्या हाताला जिभेचं कळत नाही. गरम चहा तिकडून गेला तर गरम कळत नाही, म्हणून मी सगळं उजवीकडून घेते. हळद कधीच गेली. तरी तपासायला गेले की डॉक्टर आ करायला सांगतात आणि मी आधी त्यांच्या डोळ्यांकडंच बघते. ती सवय जात नाही. मिश्रीचा डबा आक्कानं गटारात ओतला, त्याला मी काही बोलले नाही.

मायला आधी सांगितलंच नव्हतं. तिला सांगून ती तिथून काय करणार, एसटीत बसून रडत येणार. बोलता यायला लागल्यावर फोन केला. "माय, मी बोलतेय." पलीकडून माय म्हणाली, "कोन पाहिजे बाई तुम्हाला?" मी पुन्हा बोलले, सावकाश, एकेक शब्द. आक्कानं फोन माझ्या हातातून घेतला आणि मोठ्यानं, पलीकडची बहिरी असल्यासारखी बोलली, "तुमचीच हाय ती. तोंडाचं आप्रेशन झालंय, बरी हाय. आवाज जरा जुना हुईस्तवर कळ काढा." आता माय ओळखते. कधी कधी दुसऱ्या वाक्याला.

हाताचा व्यायाम मी रोज करते. मनगट वर, मनगट खाली, मूठ, उघड. मांडीची साल लावलेली जागा खोलगट आणि चकचकीत दिसते, तिथं वाफ लागली तरी कळत नाही, म्हणून तव्याजवळ जाताना आक्का अजून ओरडते. पहिली भाकरी मी थापली ती फिरवताना फाटली. दुसरी उचलताना पडली. तालमीतला तोच पोरगा बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तो ताट पुढं करून म्हणाला, "ती पडल्यालीच वाढा, वैनी. राधानगरीपेक्षा बरी हाय." आता बारक्या भाकऱ्या जमतात. मोठी, आक्काला पाहिजे तशी, ताट भरणारी, अजून जमत नाही. मनगट अध्येच थांबतं.

आक्काचे गुडघे आता अगदीच गेलेत. माझ्या फाटक्या भाकऱ्यांमुळं ती पुन्हा शेगडीपुढं उभी राहते. मी तिला त्याच हॉस्पिटलात दाखवायला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, त्याशिवाय इलाज नाही. त्यावर ती म्हणाली, "बघू, यंदा न्हाई." सुईचं नाव काढलं की ती विषय बदलते. मला दाराशी सोडताना लंगडत येणारी ती बाई स्वतःसाठी त्या दारापाशी जात नाही. मी तो विषय रोज एकदा तरी काढते. ती भांडी आपटते. मी पुन्हा काढते.

पण एक दिवस ती तयार होईल, मी तिला तयार करीन. त्या दिवशी खानावळीचं कुलूप मी लावणार आणि विचारणाऱ्यांना उत्तरं मी देणार. तिच्या ट्रॉलीबरोबर त्या दारापर्यंत मी चालणार. ती शुद्धीवर येईल तेव्हा उशाशी मी असेन, तिला पाणी द्यायचं की नाही ते विचारून द्यायला, आणि ती उठेपर्यंत तिची चूल मी चालवीन, ताट भरेल एवढ्या भाकरीनं. आणि गुडघ्यांना हळद लाव म्हणून तिनं हट्ट धरलाच, तर आधी डॉक्टरांना विचारीन, मग माझ्या डाव्या हातानं लावीन. आक्का, हे वाचून घे. चष्मा लावून, सावकाश. मी ते करणार आहे.